पुढे कॅसेट संपते

"ओला रंग खोटं बोलतो," हे त्याचं वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, झालं, आपल्या नशिबी वेडा साहेब आला.

डोंबिवलीच्या मानपाड्याला एक रंगाचा कारखाना होता, त्याच्या लॅबमध्ये मी नुकतीच लागलेले. घर डोंबिवलीतच. तो माझा वरिष्ठ, वयानेही दहाएक वर्षांनी मोठा. त्याचं काम शेड जुळवण्याचं. गिऱ्हाईक कपाटाचा पत्रा नाहीतर पंख्याचं पातं घेऊन यायचं आणि म्हणायचं, अगदी हाच रंग पाहिजे. मग हा थेंबाथेंबाने काळा, पिवळा, निळा घालत बसायचा, पत्र्याच्या पट्टीवर ब्रशचा एक हात मारायचा, पट्टी खिडकीत ठेवायचा आणि तिच्याकडे चक्क पाठ करून बसायचा. वाळेपर्यंत बघायचं नाही. मी नवीन, त्यात उतावळी. मान वळवून बघायचेच.

"अगं, बघू नकोस. ओला रंग खोटं बोलतो. वाळला की खरा काय तो कळतो."

"पण सर, अंदाज तर येतो ना?"

"अंदाजच तर नको असतो," तो म्हणायचा, आणि बोटांनी डब्याच्या झाकणावर काहीतरी वाजवत राहायचा. ते काहीतरी काय आहे हे कळायला मला दोन-तीन महिने लागले. साहेब गिटार वाजवायचे. तीही हिंदी गाण्यांची नाही, भजनांची तर नाहीच नाही. परदेशी रॉक गाण्यांमधले गिटारचे सोलो, म्हणजे मधले नुसत्या गिटारचे तुकडे, फक्त तेवढेच. पुढचं-मागचं गाणं जगाने खुशाल न्यावं.

तोंडावर मी त्याला 'सर' म्हणायचे, अहोजाहो करायचे. मनात मात्र लवकरच 'तो' झाला. आता सांगायला काय हरकत आहे, साठी उलटली माझी. मला तो आवडायचा. उंच, काळासावळा, डाव्या हाताची नखं बारीक कापलेली आणि उजव्या हाताची वाढवलेली. कँटीनमध्ये सगळे त्याच्या नखांकडे बघायचे आणि तो सगळ्यांच्या शर्टांचे रंग बघायचा.

तो कोलशेतचा. खाडीकाठच्या कोळ्यांचं घर, वडील गेलेले, आई सकाळी मावरं घेऊन ठाण्याच्या बाजारात बसायची. घरातला पहिला बीएस्सी तोच. तिथून तो रोज मानपाड्याला यायचा, आणि उशीर झालेला मी कधी पाहिला नाही.

आमच्या भागातल्या कारखान्यांना विजेच्या ओढाताणीमुळे सुट्टी रविवारी नसायची, शुक्रवारी असायची. ज्याला शुक्रवारची सुट्टी त्याला ना मित्र ना नातेवाईक. लग्नकार्यं, सिनेमे, पाहुणे, सगळे रविवारचे. घरात मी शुक्रवारी एकटीच लोळत पडायचे आणि आई म्हणायची, "अगं, निदान डाळ तरी निवड." मी त्याच्याकडे तक्रार केली तर तो म्हणाला, "रविवार सगळ्या जगाचा असतो. शुक्रवार आपला."

हा 'आपला' मी फार दिवस जपून ठेवला. त्याला बहुतेक सगळ्या कारखान्याचा म्हणायचं असावं.

"मला शिकवाल का?" असं मी विचारलं, तेव्हा म्हणाला, "शिकवत नाही. ऐकवतो. ये शुक्रवारी." घरी मी 'गिटारचा क्लास' असं सांगितलं. बाबा म्हणाले, शिकायचंच तर पेटी शीक, गणपतीत उपयोगी तरी पडेल. पण नोकरी करणाऱ्या मुलीला फार अडवता येत नाही.

ते शुक्रवार मला अजून अर्धवट झोपेत दिसतात. ठाण्याहून बस कोलशेतला सोडायची. तिथून खाडीच्या दिशेने चालत गेलं की शेवटच्या घरांत त्याचं घर, समोर ओटा, ओट्यावर सुकत घातलेले बोंबील, आणि ओट्यापासून सरळ खाडीकडे जाणारा मातीचा बांध. दोन्ही बाजूंना मिठागरं. दुपारी त्या पांढऱ्यावर ऊन पडलं की डोळे आपोआप मिटायचे. मग मिटल्या डोळ्यांनीच ऐकायचं. वाऱ्याला खारा वास, कुठेतरी होडीवर हातोडी मारल्याचा आवाज, आणि जुन्या रेडिओतून येणारी त्याची गिटार. साधी खोक्याची गिटार होती ती. तिच्या पोटात त्याने कुठलीशी तार बसवून ती वडिलांच्या रेडिओला जोडलेली. रेडिओ गरम झाला की आवाज जरा फाटायचा आणि तो खूश व्हायचा. "आता बरोबर फाटला," म्हणायचा. लाइट गेली की नुसतीच वाजवायचा. लहानपणी तार तुटली तेव्हा त्याने वडिलांचा तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, गिटारला लावून पाहिलेला आणि मार खाल्लेला. गिटार वाजली नाही ती नाहीच, आणि वडिलांचा गळही गेला.

ह्या सगळ्या वेडाचं मूळ एक कॅसेट होती. मानपाड्याला यायच्या आधी तो कोलशेतच्याच एका कारखान्यात होता. तिथे मशीन बसवायला एक गोरा इंजिनिअर आलेला. संध्याकाळी तो पायरीवर बसून टेपरेकॉर्डर लावायचा आणि हा शेजारी जाऊन बसायचा. भाषा दोघांची तोडकीमोडकी. जाताना गोऱ्याने त्याला ती कॅसेट दिली. घरी भरलेली होती, वर काही लिहिलेलं नाही. कोणाचं गाणं, कुठलं गाणं, काही पत्ता नाही. पाच-सहा गाणी, आणि प्रत्येकात एक सोलो.

गाणं चालू असताना तो चहा ओतायचा, चपला सरळ करायचा, शेजारच्या कोंबड्या हाकलायचा. सोलो आला की तिथेच थांबायचा. किटली हातात असली तर हातात.

"गाणारा पाणी प्यायला जातो ना," तो मला म्हणाला, "तेव्हा गिटारवाल्याला मनातलं बोलायला मिळतं. घाईघाईत बोलतो बिचारा. गाणारा परत यायच्या आत."

नावं माहीत नसल्याने त्याने त्या सोलोंना शेडची नावं दिलेली. एक जडशीळ होता, तो विटकरी. एक संथ, लांबलांब सुरांचा, तो बदामी. एक इतका भरभर की बोटं दिसायची नाहीत, तो मिरची. "आज बदामी घेऊ," असं तो म्हणायचा आणि त्याची आई आतून ओरडायची, "बदाम कवा आनलेस रं?"

शिकण्याचा कायदा रंगाचाच. आज ऐकायचं, आणि पुढच्या शुक्रवारपर्यंत गिटारला हात लावायचा नाही. वाळू द्यायचं. आठवड्याने डोक्यात जे उरेल ते वाजवायचं. मी चोरून घरी वाजवून पाहायचे आणि त्याला ते लगेच कळायचं. "ओलं वाजवलंस," म्हणायचा. कसं कळायचं देव जाणे.

कॅसेटच्या शेवटच्या गाण्यात जो सोलो होता त्याला मात्र शेडचं नाव नव्हतं. त्याला तो नुसतं 'अर्धा' म्हणायचा. कारण तो सोलो सुरू होऊन चांगला रंगात यायचा, वर वर चढायचा, आणि अगदी एका सुराच्या मध्यावर कॅसेटची ती बाजू संपून टेपरेकॉर्डरचं बटण टक्कन वर यायचं. बस्स. गोऱ्याने भरताना तिथे टेप संपलेली.

आणि हा पठ्ठ्या तेवढंच वाजवायचा. त्या सुराच्या मध्यापर्यंत. मग तारांवर तळवा ठेवून टक्क. शिवाय त्या सोलोत एका जागी सूर विचित्र डळमळायचा, पाण्यात पडल्यासारखा. मी विचारलं, हे काय? तर म्हणे, तिथे टेपरेकॉर्डरने कॅसेट खाल्लेली, चुरगळलेली टेप त्याने नखाने सरळ केली, तेव्हापासून तिथे असं वाजतं. "मग आपण कशाला तसं वाजवायचं? ती चूक आहे ना?" "कॅसेटमध्ये आहे ना? मग वाजवायचं." तो डळमळता सूर जमायला माझ्या बोटांची सालं निघाली.

"मग शेवट तरी आपला आपण बनवा की," मी एकदा लॅबमध्ये म्हटलं.

"गिऱ्हाईकाने अर्धा पत्रा रंगवून आणला तर उरलेला अर्धा आपण मनाने रंगवायचा?"

"हो. तोच रंग पुढे लावायचा."

त्याने खरंच विचार केला. मग म्हणाला, "तोच असेल कशावरून?"

कारखान्यात दर वर्षी सत्यनारायण व्हायचा. त्या दिवशी थिनरच्या वासावर शिऱ्याचा वास मात करायचा, मशीनना झेंडूच्या माळा, आणि प्रसाद झाल्यावर कामगारांचा करमणुकीचा कार्यक्रम. एका वर्षी कोणीतरी मॅनेजरसाहेबांच्या कानावर घातलं की लॅबवाले साहेब गिटार वाजवतात. झालं, आग्रह. तो नाही म्हणेल असं मला वाटलं, पण तो गिटार घेऊन आला आणि लाकडी फळ्यांच्या स्टेजवर मांडी घालून बसला. लोकांना वाटलं एखादं सिनेमाचं गाणं येईल. ह्याने 'अर्धा' काढला.

खोटं नाही सांगत, लोक ऐकत होते. पॅकिंगमधल्या बायका पदर तोंडाशी धरून बसलेल्या, फोरमनचा शिऱ्याचा द्रोण हातात तसाच. सूर चढत चढत वर गेला आणि टक्क.

मग आमचा वायरमन उठला आणि "फ्यूज गेला, फ्यूज!" म्हणत मेनबोर्डकडे धावत सुटला. स्पीकरवाल्याने आपल्या खोक्यावर दोन थापा मारल्या. पंखे फिरतायत, दिवे लागलेले, तरी कोणाच्या लक्षात येईना. आमचे साहेब शांतपणे गिटार पिशवीत घालत होते.

"अहो, पुढे?" मॅनेजर म्हणाले.

"पुढे कॅसेट संपते, साहेब," तो म्हणाला आणि प्रसादाच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

त्यानंतर कारखान्यात ती म्हणच पडली. बोलताबोलता जेवणाची घंटा झाली, कॅसेट संपली. ट्रकचं डिझेल संपलं, कॅसेट संपली. त्याला हसायचे सगळे. मीही हसायचे, पण मला राग यायचा, त्यांचाही आणि त्याचाही. कारण ती कॅसेट संपण्यावर माझं काय अडून बसलंय हे फक्त मला आणि त्याच्या आईला माहीत होतं.

त्याची आई त्याच्या लग्नाच्या मागे लागलेली. बिचारी एकटी, ह्याची पस्तिशी जवळ आलेली. टाळून टाळून कंटाळला आणि एक दिवस म्हणाला, "आये, हा अर्धा पुरा वाजवता आला की त्याच दिवशी लगीन करतो." आईने ते गाठीशी बांधलं. तेव्हापासून दारात येणाऱ्या प्रत्येकाला ती विचारायची. पोस्टमनला, वीजमीटर बघणाऱ्याला, मतं मागायला आलेल्यांना. "याचा ता गाना कुठं गावंल का हो? गाना गावला तं याचा लगीन व्हईल." मतं मागणारे म्हणाले, निवडून आलो की बघू.

मला ती ओट्यावर शेजारी बसवून बोंबील तळून वाढायची. आमच्या घरी अंड्याचं नाव काढायचं तर आधी खिडक्या लावाव्या लागायच्या, पण कोलशेतला मी काट्यासकट खायला शिकले. एकदा माझा हात हातात घेऊन तिने तारांनी पडलेले घट्टे पाहिले आणि म्हणाली, "तुजं हात तं आमच्यावानी झालं गो." आणि हसली. तेवढ्यावर मी वर्ष काढलं. त्याने मात्र कधी एक शब्द काढला नाही. फक्त डब्यात तळलेल्या तुकड्या आणायचा आणि म्हणायचा, आईने दिल्यात.

शोध त्याचा चालूच होता. ठाण्यात स्टेशनजवळ कॅसेटची जेवढी दुकानं होती तेवढ्यांत जाऊन तो तोंडाने सोलो वाजवून दाखवायचा. एवढा उंचापुरा माणूस काउंटरवर हात टेकून डोळे मिटून 'टँऽव टँऽव' करतोय, आणि मागे बायका आरत्यांच्या कॅसेटी मागतायत. दुकानदार भलत्याच कॅसेटी द्यायचे. तो त्या ऐकायचा, परत करायचा, आणि म्हणायचा, "शेड जवळची आहे. ती नाही."

माझी सत्ताविशी उलटली. आईने देव पाण्यात घातलेले. मी येईल त्या स्थळाला खोट काढत होते, एकाचं नाक, एकाचं गाव, एकाची पत्रिका. शेवटी ठाण्याचं एक स्थळ आलं. मुलगा इंजिनिअर, माणसं साधी. मी मनाशी नकार तयार ठेवूनच पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आले.

नव्यानेच केबल आलेली आणि टीव्ही बंद करायचं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. एक परदेशी गाण्यांचं चॅनल बारीक आवाजात चालू होतं. मी मुलाच्या आईपुढे ट्रे धरला, आणि कोपऱ्यातून 'अर्धा' सुरू झाला.

मी ट्रे त्या बाईंच्या मांडीवर ठेवला. खरंच ठेवला. आणि टीव्हीपुढे जमिनीवर जाऊन बसले. लांब केसांचा एक माणूस मान खाली घालून वाजवत होता. सूर चढायला लागला. ती जागा जवळ आली, आता, आता टक्कच्या पुढचं... आणि बाबांनी उठून टीव्ही बंद केला. "काय हा गोंगाट, पाहुणे बसलेत."

"बाबा!" मी अशी किंचाळले की शेजारच्या दाराची कडी वाजली.

आईचा चेहरा पाहवत नव्हता. मग तो मुलगा घसा साफ करून म्हणाला, "माझ्या मित्राकडे आहे ही कॅसेट. हवी असेल तर आणून देतो."

आणि खरंच, दोन-चार दिवसांनी स्वतः येऊन दारातच माझ्या हातात कॅसेट ठेवली. पाणी प्यायला आणि गेला. का हवी, कोणाला हवी, काही विचारलं नाही. बरा माणूस आहे, असं वाटलं मला, आणि पुढच्या क्षणी मी त्याला विसरून गेले.

घरी टेपरेकॉर्डर होता, पण मी ती ऐकली नाही. शुक्रवारी हळदी रंगाची नवी साडी नेसून मी कोलशेतच्या बसमध्ये बसले. डोक्यात वऱ्हाड निघालेलं. बाबा काय म्हणतील, आई किती रडेल, मावरं साफ करायला शिकावं लागेल, शिकेन. सगळं ठरवून टाकलं. त्या दिवशी मला खाडीसुद्धा माझ्याकडची वाटली.

मी कॅसेट पुढे धरली आणि नुसतं म्हटलं, "अर्धा. पूर्ण." तो पांढरा पडला. मग म्हणाला, "नाव सांगू नकोस. नाव कळलं की माणूस ऐकायचं सोडतो." कुठून मिळवलीस, एवढंच विचारलं; बघायला आलेल्या मुलाने दिली, असं मी सांगितलं. त्याने कॅसेटवरच्या नावावर चिकटपट्टी लावली. आजतागायत मीही ते नाव कोणाला सांगितलेलं नाही.

गाणं लागलं. त्या दिवशी त्याने चहा ओतला नाही, कोंबड्या हाकलल्या नाहीत. सोलो आला. डळमळत्या सुराची जागा आली आणि गिटार तिथून अगदी सरळ निघून गेली. त्याने माझ्याकडे पाहिलं. "सरळ वाजवतात?" पुटपुटला. "त्यांचं चुकलं." मग सूर चढू लागला. आई ओले हात पदराला पुसत दारात येऊन उभी राहिली. ती जागा आली, आणि टक्क झालंच नाही. गिटार पुढे गेली.

किती सुंदर होतं ते, आणखी वर चढत गेलेलं. त्याच्या डोळ्यांत पाणी, माझ्याही. आणि मग आवाज कमी व्हायला लागला. त्याने बटण फिरवून मोठा केला. तरी कमी होत होता. त्याने बटण शेवटपर्यंत फिरवलं, रेडिओला कान लावावा तसा टेपरेकॉर्डरला कान लावला. नुसती खरखर. आणि पुढचं गाणं इतक्या जोरात सुरू झालं की कोंबड्या छपरावर गेल्या.

त्याने मागे घेऊन परत लावलं. परत तेच. मला कळलं होतं. रेकॉर्डिंगवाल्यांनी शेवट केलाच नव्हता, आवाज हळूहळू खाली ओढून गाणं विझवलेलं. ज्या शेवटासाठी मी इतकी वर्षं थांबले तो कोणी वाजवलेलाच नव्हता. मला रडू फुटायच्या बेतात होतं. आणि तो हसायला लागला, अगदी मोकळा.

"अगं, म्हणजे ते अजून वाजवतायत!"

"कसले वाजवतायत? बटण खाली केलं त्यांनी."

"ते आपल्यापुरतं. ते कुठे थांबलेत?"

"गावला का रं?" आईने विचारलं.

"गावला, आये, गावला!"

"मंग?"

तिने माझ्या साडीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. मी खाली बघत होते.

"आता आठवडाभर वाळू दे," तो म्हणाला.

त्या आठवड्यात ठाण्याहून निरोप आला, मुलाला मुलगी पसंत आहे, तुमचं काय? मी आईला सांगितलं, शनिवारी सांगते. आई म्हणाली, "शनिवारी काय उजाडणार आहे?" मी म्हटलं, "उजाडेल काहीतरी."

शुक्रवारी त्याने गिटार रेडिओला जोडली नाही. जाळ्याची दोरी गिटारला बांधून गळ्यात अडकवली आणि ओट्यावर बसून वाजवायला लागला. डळमळता सूर त्याने तसाच ठेवलेला. ती जागा आली. माझं अंग सवयीने टक्कची वाट बघत होतं, पण तो पुढे गेला. आणि वाजवता वाजवता उठला. ओट्याच्या पायऱ्या उतरला आणि बांधावरून खाडीच्या दिशेने चालायला लागला. आवाज कमी करायला त्याच्याकडे बटण नव्हतं, म्हणून तो स्वतःच लांब जायला लागला.

दोन्हीकडे पांढरी मिठागरं, मधून तो चाललेला, अनवाणी. मागे वळून बघितलं नाही. सूर बारीक होत होता, तरी एकही सुटत नव्हता. इतका सुखी माणूस मी त्यापूर्वी पाहिला नव्हता, नंतरही नाही. फार वाईट वाटलं मला. त्याला काय हवं होतं ते मिळालेलं, आणि त्यात माझी काही गरजच नव्हती.

आई कोयत्यावर मासा धरून बसलेली, पण कापत नव्हती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू नको थांबूस गो पोरी. त्याचा काय खरा नाय."

"येतील ना परत," मी म्हटलं. "चहाला."

"येल," ती म्हणाली. "चहाला येल."

तिने कागदात सुके बोंबील बांधून माझ्या पिशवीत घातले आणि माझ्या गालावरून ओला हात फिरवला. मी निघाले तेव्हा गिटार अजून ऐकू येत होती.

आमच्या ह्यांनी मला त्या कॅसेटबद्दल आजवर विचारलेलं नाही. संसार चांगला झाला, दारात वाटला तसा खरंच बरा माणूस निघाला. मानपाड्याचा तो कारखाना केव्हाच बंद पडला. कोलशेतला मिठागरांच्या बाजूला आता टॉवर उभे आहेत, त्यातल्या एकात माझी भाची राहते. तिच्याकडे गेले की मी गॅलरीत जात नाही, गुडघे दुखतात म्हणून सांगते.

त्या शनिवारी लॅबमध्ये तो माझ्या आधी येऊन बसलेला. एका पत्र्याशी शेड जुळवत होता, हळदीच्या जवळचा कुठलातरी पिवळा.

"काल निघून गेलीस," तो म्हणाला. "कुठपर्यंत ऐकू आलं?"

खरं तर मला बसस्टॉपपर्यंत येत होतं. बसमध्येही येत होतं.

"उघाडीपर्यंत," मी म्हटलं. उघाडी म्हणजे बांधावरची पाणी सोडायची फळी, घरापासून फार लांब नाही.

"एवढंच? मी तर पार खाडीपर्यंत गेलेलो. तिथे वाजवत बसलो बराच वेळ."

"नाही आलं तेवढं," मी म्हटलं. आणि लगेच सांगून टाकलं, "सर, माझं लग्न ठरतंय."

त्याचा ब्रश पट्टीवर मध्येच थांबला. "तो कॅसेटवाला?"

"हो."

"चांगला माणूस असेल," तो म्हणाला. "पूर्ण कॅसेट दिली त्याने."

मग त्याने पट्टीवर राहिलेला हात मारला आणि ती नेहमीसारखी खिडकीत नेऊन ठेवली. मी माझ्या टेबलाशी गेले. थोड्या वेळाने मान वर केली तर तो पाठ करून बसलेला नव्हता. खिडकीशी उभा राहून त्या ओल्या पिवळ्या पट्टीकडे बघत होता, आणि ती वाळेपर्यंत तिथून हलला नाही.